पेला पडल्यावर

१

सोमवारी सकाळी पेरूच्या बागेतल्या पत्र्याच्या गोदामाचं दार पहारीनं फोडलं, तेव्हा सुश्रुत धर्माधिकारी आत फरशीवर पालथे पडलेले होते. कुलूप आतून लावलेलं होतं. किल्ली त्यांच्यापासून हातभर अंतरावर, एका पोलादी पेटीत होती. पेटी उघडत नव्हती.

उपनिरीक्षक संस्कृती सदाफळ राहात्याहून पोचली तोवर धर्माधिकारींना श्रीरामपूरच्या दवाखान्यात हलवलेलं होतं. श्वास चालू होता. साखरेचा आजार, मे महिन्यातला पत्रा, पोटात अन्न नाही की पाणी नाही. आणखी दोन तास गेले असते तर डॉक्टरांचं काम उरलंच नसतं.

दार फोडलं होतं बाग राखणाऱ्या छबूबाईनं, मुलाला हाताशी घेऊन. ती बांधावर बसून पदरानं वारा घेत होती.

"सोमवारचा माजा उपास, मॅडम. म्हाद्येवाला जायाचं सोडून इकडं आले. थोरलं सायब म्हनलं, दिस उगवायला बागंत जा, गोदामातल्या खताच्या गोन्या बघ, उंदरानं फोडल्यात का. आले तर दार आतून बंद. हाका मारल्या, आवाज न्हाई. फटीतून बघितलं तर ह्यो मानूस असा पडलेला. पोराला हाक मारली, पहार आनली."

"बरं झालं आलात, मावशी," संस्कृती म्हणाली आणि आत गेली.

धर्माधिकारी म्हणजे साधी असामी नव्हे. श्रीरामपुरातल्या एका जुन्या शिक्षण संस्थेचे सचिव. वडिलांनी काढलेली शाळा. थोरले भाऊ नृसिंह उपाध्यक्ष. असा माणूस दर रविवारी बागेत जातो, यात वावगं काही नव्हतं. पण गोदामातलं सामान बागेचं नव्हतं. एक चटई, गळ्यात घालायचा चामडी पट्टा, एक स्टीलचा पेला, आणि हात पोचणार नाही अशा उंचीवर बसवलेला टॅबलेट. पेटीवर किल्लीचं भोक नव्हतं, फक्त एक लाल दिवा.

हवालदार कानिफनाथ शेलारनं पट्टा पेन्सिलीनं उचलून पाहिला. "मॅडम, कुत्रं दिसत न्हाई कुठं."

"कुत्र्याचा नाही तो, कानिफ."

"मग?" त्यानं एकदा चटईकडं पाहिलं आणि पट्टा हळूच खाली ठेवला. "आयला."

टॅबलेटमध्ये आदल्या संध्याकाळचं सगळं बोलणं साठवलेलं होतं. संस्कृतीनं ते लावलं. एका बाईचा आवाज आला. खालच्या पट्टीतला, ठाम, शाळेत चाळीस पोरं गप्प बसवील असा. "सचिवपद सोडतोस. कॅमेऱ्याकडे बघून म्हण. तब्येतीचं कारण सांग." मग धर्माधिकारींचा घोगरा आवाज, "बाईसाहेब, हे नाही. हे आपल्यात ठरलेलं नाही." पुन्हा तीच आज्ञा. पुन्हा नकार. हे बराच वेळ चाललं. मग फरशीवर धातू आदळल्याचा खणखणीत आवाज. थोडी शांतता. आणि बाईचा आवाज, तसाच ठाम:

"पेला पडला. उचल तो."

त्यानंतर धर्माधिकारी रडले. आणि मग त्यांनी राजीनामा म्हणून दाखवला.

टॅबलेटमध्ये तो नंबर एकाच नावानं ठेवलेला होता. बाईसाहेब.

२

बाईसाहेब भिंगारला राहत होत्या, जुन्या बाजारामागच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. नाव नीलांबरी पाठक. वय चाळीसच्या पुढं, सुती साडी, डोळ्यांवर चष्मा. दार उघडल्यावर त्यांनी आधी बोट ओठांवर ठेवलं.

"वडील आत झोपलेत. त्यांना वाटतं मी ऑनलाइन शिकवण्या घेते. हळू बोललात तर उपकार होतील."

संस्कृतीनं घडलेलं सांगितलं. नीलांबरीचा चेहरा पांढरा पडला, पण पहिला प्रश्न तिनं स्वतःबद्दल विचारला नाही. "शुद्धीवर आलेत का ते? साखर किती आहे?"

"बघतायत डॉक्टर. तुम्ही काय काम करता, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"लोक मला स्वतःवर हुकूम चालवायला सांगतात. मी चालवते. त्याची फी घेते. प्रोफेशनल डॉमिनेशन म्हणतात त्याला. पुण्या-मुंबईची माणसं आहेत, परदेशातली आहेत, आपल्या जिल्ह्यातलीही आहेत. दिवसभर शंभर माणसांवर अधिकार गाजवणाऱ्याला दोन तास कुणाचं तरी ऐकावंसं वाटतं. कुणाला शिक्षा हवी असते, कुणाला नुसतं कोंडून घ्यायचं असतं. सुश्रुतरावांना कोंडून घ्यायचं असायचं."

कानिफनाथला राहवेना. "म्हंजे मानसं पैशे देऊन बोलनी खात्यात? माजी बायको फुकाट देती की."

"ती आधी विचारते का तुम्हाला, चालेल का म्हणून?"

"न्हाई बा."

"मग ते वेगळं, हवालदार. माझ्याकडे सगळं आधी ठरतं. काय करायचं, काय नाही, कुठं थांबायचं. माणसाची नोकरी, घर, बायकामुलं यांना हात लावायचा नाही, हा माझा पहिला नियम आहे."

संस्कृतीनं मोबाईलमध्ये घेतलेलं ते बोलणं लावलं. आपलाच आवाज ऐकताना नीलांबरी पुतळ्यासारखी बसली होती. पेला पडल्याचा आवाज आला आणि ती खुर्चीवरून ताडकन उठली. हात पुढं गेला, जणू समोर कुणाला धरायचं आहे. पुढचं वाक्य ऐकून ती सावकाश खाली बसली.

"ही मी नाही."

"आवाज तुमचा आहे."

"आवाज माझा आहे. मी नाही." तिनं चष्मा काढला. "कोंडलेल्या माणसाच्या तोंडात कधी बोळा असतो, कधी त्याला भीतीनं शब्द सुचत नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या हातात मी पेला देते. नको झालं की सोडून द्यायचा. पेला पडला की खेळ संपला. मी थांबते, पेटी उघडते, पाणी प्यायला लावते. सात वर्षांत सुश्रुतरावांनी तो दोनदा पाडला. दोन्ही वेळा मी थांबले."

"काल संध्याकाळी कुठं होतात?"

"सहापर्यंत टॅबलेटवर त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. मग सावेडीत मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. शेवटची पंधरा मिनिटं मी यंत्रावर सोपवली. गेल्या महिन्यापासून माझ्या आवाजात बोलणारं यंत्र घेतलंय. पेटी आपोआप उघडायचीच होती, तोवर यंत्र गप्पा मारणार होतं." ती थांबली. "कोंडलेल्या माणसाला यंत्राजवळ सोडलं. फोनही बंद करून ठेवला. ही चूक माझीच."

जिना उतरताना संस्कृतीचा मोबाईल वाजला. वरिष्ठ होते. दोघांतली चर्चा एकतर्फी झाली. "आवाज तिचा, नंबर तिचा, धंदा तिचा. अजून काय पाहिजे? धर्माधिकारींचे थोरले बंधू येऊन गेले. घराण्याचं नाव नको, पण त्या बाईला सोडू नका म्हणतात. उद्या दुपारपर्यंत ती आत पाहिजे."

संस्कृतीनं वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ लेकीला विचारत होते, "कोण आलं होतं गं? पालक का?"

३

यंत्र बनवणारा रविराज पुंड श्रीरामपुरात स्टेशनजवळ दुकान चालवत होता. शाळांना संगणक बसवून देणं हा त्याचा उघड धंदा. नीलांबरीकडं त्याला पाठवलं होतं धर्माधिकारींनीच.

"यंत्रानं ऐकलं नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" संस्कृती दुकानात शिरली तेव्हाच तो चिडलेला होता. "सगळे आता यंत्रावरच ढकलणार. ती बाई तर आधीपासून माझ्यावर खार खाऊन आहे. पुढच्या महिन्यापासून आवाज परत घेते म्हणाली."

"का?"

"पेटी उघडायचा अधिकार मी यंत्राला मागितला. तिनं नाही दिला. म्हणाली, यंत्राला पेला ऐकू येत नाही."

संस्कृतीनं मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे खरंच येत नाही. यंत्राला शब्द कळतात, बाकी आवाज नाही. पंखा, हॉर्न, भांडी, सगळं आधी गाळून निघतं, मग उरलेलं बोलणं त्याच्याकडं जातं. त्या पेल्याच्या पायी आमची चार वेळा वादावादी झाली. ती म्हणे पेला कळलाच पाहिजे. मी म्हटलं, शब्द ठेवा ना एखादा. तर म्हणे भ्यालेल्या माणसाला शब्द सुचत नाही."

त्यानं ते बोलणं दोनदा ऐकलं. दुसऱ्या वेळेस त्याच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला आणि तिथं कारागिराची उत्सुकता आली.

"मॅडम, हे माझं यंत्र नाही. माझं यंत्र लगेच बोलतं. इथं प्रत्येक वाक्याच्या आधी बघा कसं थांबतंय. कुणीतरी टाइप करतंय आणि आवाज बाहेर पडतोय. बाईसाहेबांच्या नमुन्याच्या क्लिपा नेटवर कुणालाही ऐकता येतात. पाच मिनिटांचा आवाज दिला की हुबेहूब नक्कल करून देणारी ॲपं फुकट मिळतात."

"आणि पेटी?"

"पेटीची एक लिंक असते. ती ज्याच्याकडं असेल त्याला वेळ वाढवता येते. गंमत असते त्यांची, मित्रमंडळीत एकमेकांना वाढवून देतात. उघडता मात्र येत नाही. उघडायला बाईसाहेबांच्या फोनवर बाईसाहेबांचाच अंगठा लागतो." त्यानं टॅबलेट संगणकाला जोडला आणि बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "सहा वाजून गेल्यावर माझ्या यंत्राचा कॉल कुणीतरी तोडलाय. मग दुसरा आलाय, बाईसाहेबांचं नाव लावून. टॅबलेट आपोआप उचलतो. कॉल आलाय तो..."

त्यानं पडद्यावर पुन्हा बोट फिरवलं.

"कुठून आला, रविराज?"

"शाळेच्या ऑफिसातल्या संगणकावरनं. सुश्रुतसरांचं खातं तिथं कायम उघडं असतं. लिंकही त्यांच्या मेलमध्येच असणार."

"रविवारी शाळेत कोण होतं?"

"प्रवेशाची तयारी चालू होती. नृसिंहसर त्यांच्या खोलीत होते. प्रणितामॅडम, म्हणजे सुश्रुतसरांच्या मिसेस, स्टाफरूममध्ये अर्ज लावत होत्या." त्यानं घाम पुसला. "आणि वायरी ओढायला मी होतो."

४

मंगळवारी सकाळी सुश्रुत धर्माधिकारी शुद्धीवर आले. हाताला सलाईन, ओठ फुटलेले, पण बोलणं स्पष्ट. बायको प्रणिता उशाशी बसली होती. संस्कृतीनं तिला बाहेर जायला सुचवलं, तेव्हा तेच म्हणाले, "बसू द्या तिला. तिच्यापासून लपवण्यासारखं काही नाही."

कानिफनाथ भिंतीकडं पाहू लागला.

"कोण होतं ते, धर्माधिकारी?"

"बाईसाहेब. आणखी कोण?" ते छताकडं पाहत म्हणाले. "मला कोंडल्याचं काही वाटलं नाही. ते मी मागून घेतलेलं होतं. ती वेळ वाढवत गेली, तेही सोसलं असतं. राजीनामा मागितला तेव्हा मी पेला सोडला. आवाज झाला. तिनं ऐकला. ऐकला, म्हणजे बघा... म्हणाली, उचल तो. माझ्या आयुष्यात एवढी एकच जागा होती, जिथं माझं नको ऐकलं जायचं. संस्थेत कुणी ऐकत नाही. घरी मीच बोलत नाही. तिथं ऐकलं जायचं."

"मग राजीनामा का दिलात?"

"पेला पडूनही ती थांबत नाही म्हटल्यावर उरलं काय हातात?"

"तक्रार द्यायचीय तुम्हाला तिच्याविरुद्ध?"

"नाही." आणि जरा वेळानं, "द्यावी लागेल का?"

प्रणिता व्हरांड्यात आली. गणिताची शिक्षिका, बोलणं तोलूनमापून.

"तुम्हाला वाटत असेल, बायकोला कसं चालतं हे. पहिल्या वर्षी नाही चाललं. माहेरी गेले होते. मग त्या बाईंनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, तुमची परवानगी नसेल तर मी त्यांना घेणार नाही. आणि अडीअडचणीला माझ्याकडं कुणाचा तरी नंबर पाहिजे, तो तुमचाच द्या. इतकं सरळ माझ्याशी सासरी कुणी बोललेलं नव्हतं."

"पेल्याचं ठाऊक होतं तुम्हाला?"

"आमच्या घरात चहाचे सगळे पेले काचेचे आहेत, मॅडम. स्टीलचा एकच. तो कुणी वापरत नाही. माझ्या हातून धुताना पडला तरी हे स्वयंपाकघरात धावत येतात, काय झालं म्हणून."

"रविवारी रात्री ते घरी आले नाहीत. चौकशी केली नाहीत?"

"पुष्कळदा बागेतल्या खोलीत झोपतात." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्यांनी ते सचिवपद सोडावं, असं मला फार दिवस वाटत होतं. जीव खाल्ला त्या खुर्चीनं. तुम्ही शोधून काढालच, म्हणून आधीच सांगते."

जीपमध्ये बसल्यावर कानिफनाथ म्हणाला, "मॅडम, राजीनामा हिलाबी पायजे हुता. रविराजला त्या बाईवर राग. बाईचा तर आवाजच. मला तर तिघंबी गुन्हेगारच वाटाय लागलेत."

"चौथ्याशी अजून कुठं बोललोय आपण," संस्कृती म्हणाली. "आणि कानिफ, तू शाळेत गेल्यावर सगळ्यांना पाणी द्यायचंस. स्टीलच्या पेल्यातनं."

"मी?"

"एक पेला पाडायचा. मी मान हलवली की."

५

संस्थेचं ऑफिस जुनं होतं. भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो, खाली लांब टेबल. संस्कृतीनं चौघांना बोलावलं होतं. प्रणिता आणि रविराज आले. नीलांबरी एसटीनं आली आणि दाराजवळच्या खुर्चीत बसली. नृसिंह धर्माधिकारी शेवटी आले; पांढरा सदरा, कपाळावर गंध.

"ही बाई आमच्या संस्थेत?" ते उभ्या उभ्याच म्हणाले. "इन्स्पेक्टरबाई, मी तुमच्या साहेबांशी बोललोय. इथं मुलं शिकतात."

"सुट्टी आहे, सर. बसा."

"सुश्रुतनं राजीनामा दिलाय. सभासदांच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आलाय. तब्येतीचं कारण आहे. आम्ही तो स्वीकारतोय. बाकी जे काही घाणेरडं असेल, ते या बाईपाशीच संपवा."

"संपवू. आधी एक सांगा. सुश्रुतरावांच्या या सवयीची तुम्हाला कधीपासून कल्पना होती?"

"मला? काल पोलिसांकडनंच कळलं."

कानिफनाथ थाळीत पेले घेऊन आला. संस्कृतीनं मान हलवली. हवालदारानं तीस वर्षांत पहिल्यांदाच मुद्दाम काही पाडलं असावं, कारण एकाऐवजी दोन पेले पडले आणि पाणी नृसिंहरावांच्या पायांपर्यंत गेलं. शहाबादी फरशीवर आवाज खणखणीत घुमला.

नीलांबरी उभी होती. कधी उठली ते तिलाही कळलं नसावं. प्रणितानं अर्ध्यातच श्वास रोखला होता. रविराजनं पेल्याकडं पाहिलंच नाही. तो नीलांबरीकडं पाहत होता.

नृसिंहरावांनी धोतराचा सोगा सावरला. "अहो, पेला पडला. उचला तो."

प्रणितानं सावकाश दिराकडं मान वळवली. तेच वाक्य तिनं सकाळी दवाखान्यात नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं.

"काय झालं?" नृसिंहरावांनी विचारलं.

"काही नाही, सर. पडलेला पेला कुणीही उचलायला सांगेल. मीही सांगितलं असतं. त्यानं काही सिद्ध होत नाही." संस्कृतीनं खुर्ची पुढं ओढली. "पण त्या संध्याकाळी जे बोललं, त्याला पेला ऐकू आला होता. यंत्राला येत नाही. म्हणजे बोलणारं माणूस होतं, याच खोलीत बसून टाइप करणारं. नीलांबरीबाईंना, प्रणिताबाईंना आणि रविराजला पेला म्हणजे काय ते माहीत आहे. ज्याला माहीत आहे तो एक तर थांबेल, नाही तर ऐकूच आलं नाही असं दाखवून यंत्रावर ढकलेल. उचल तो, असं तो म्हणणार नाही. ते वाक्य फक्त अशा माणसाचं, ज्याच्या लेखी तो नुसता पेला होता."

"तर्क आहेत तुमचे. कोर्टात चालणार नाहीत."

"खरंय. म्हणून छबूबाईकडं येते."

नृसिंहरावांचा हात गंधाकडं गेला आणि मध्येच थांबला.

"छबूबाई सोमवारी बागेत जात नाही. तिचा उपास असतो, देवाला जाते. या सोमवारी दिवस उगवायला गेली, कारण थोरल्या साहेबांचा फोन आला. गोदामातल्या गोण्या बघ म्हणून. मी ते पहिल्याच दिवशी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष टॅबलेटकडं होतं. काल रात्री तिच्या मुलाचा मोबाईल बघितला. फोन रविवारी नवाच्या सुमाराला आलाय. तुमचा. सर, त्या गोदामात खताची एकही गोणी नाही. मार्चमध्ये उरल्या होत्या त्या तुम्हीच गाडीनं दुसऱ्या शेतात पाठवल्यात. मग नसलेल्या गोण्या बघायला तिला कशाला पाठवलंत?"

बाहेर मैदानावर कुणीतरी पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांचा ओरडा आत येत होता. नृसिंहरावांनी वडिलांच्या फोटोकडं पाहिलं, मग टेबलाकडं.

"तुम्हाला काय वाटतं, मी भावाच्या जिवावर उठलो होतो?" त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. "या संगणकावर त्याचं ते सगळं उघडं पडलेलं दिसलं मला. एप्रिलमध्ये. पट्टे, पेट्या, बाईसाहेब. वडिलांच्या शाळेचा सचिव! त्याला सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं? माझं कधी ऐकलंय? तिचं ऐकतो म्हणून तिच्या आवाजात सांगितलं. खुर्ची सोड, एवढंच. घराण्याचं नाव कुठं येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंतची वेळ लावली ती नुसती भीती घालायला. राजीनामा झाल्याबरोबर उघडणार होतो."

"मग?"

"उघडायचं बटणच नव्हतं." ते रविराजकडं वळले, जणू त्याचीच चूक होती. "तासभर शोधलं. वाढवायचं बटण आहे, उघडायचं नाही! असलं कसलं कुलूप?"

"बंद करायला लिंक पुरते," नीलांबरी पहिल्यांदाच बोलली. "उघडायला जबाबदार माणूस लागतं. म्हणून मी तसं ठेवलं होतं."

"बटण नव्हतं, सर," संस्कृती म्हणाली, "पण फोन होता. तो तुम्ही केलातही. छबूबाईची वस्ती बागेपासून हाकेच्या अंतरावर. तिला आत्ता जा म्हणाला असतात, तर सुश्रुतराव रात्री घरी जेवले असते. तुम्ही सकाळी जा म्हणालात. रात्रीच पाठवलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं. एवढ्या एका प्रश्नासाठी भाऊ रात्रभर पत्र्याखाली ठेवलात."

नृसिंहरावांनी खाली वाकून पायाशी घरंगळत आलेला पेला उचलला आणि टेबलावर ठेवला. कानिफनाथनं तो रुमालात धरून बाजूला घेतला; कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

संस्कृतीनं वरिष्ठांना फोन लावला. दुपार व्हायला अजून थोडा अवकाश होता. "हो सर, आत घेतेय. नाही सर, बाई नव्हे. बंधू."

६

संध्याकाळी संस्कृती नीलांबरीला घेऊन दवाखान्यात गेली. वाटेत तिनं सांगितलं, साक्षीदार म्हणून नाव कागदावर येईल. ते टाळता येणार नाही. धंदा काय, हा रकाना मात्र तिनं आवाजाचं काम असा भरला होता.

"खोटं नाही ते," नीलांबरी म्हणाली. मग म्हणाली, "वडिलांना आज सांगणार आहे. साक्षीचा कागद घरी येण्याआधी माझ्याकडनं कळलेलं बरं. यंत्र सकाळीच बंद केलं. रविराज फार चिडला."

सुश्रुत उशीला टेकून बसले होते. भावाचं त्यांना प्रणितानं सांगितलं होतं. ते रडले नव्हते, की चिडले नव्हते. फक्त एकच गोष्ट त्यांनी संस्कृतीला पुन्हा विचारली.

"नवाला फोन केला होता त्यानं?"

"हो."

"सकाळी जा म्हणाला?"

"हो."

त्यांनी मान हलवली. लहानपणापासूनचं काहीतरी जुळवून बघत असावेत, असा त्यांचा चेहरा होता.

नीलांबरी दारातच थांबली होती. आत यायला कुणी सांगितलं नव्हतं. सुश्रुतनी तिच्याकडं पाहिलं, आणि ती बोलायला लागताच त्यांच्या अंगावर शहारा आला. ठाऊक होतं, त्या दिवशी बोलणारी ती नव्हती. पण आवाज तोच होता, आणि अंगाला ते समजावून सांगता येत नाही.

"सुश्रुतराव, मी तुम्हाला यंत्राजवळ सोडायला नको होतं. माझं..."

शेजारच्या स्टुलावर पाण्याचा पेला होता, दवाखान्यातला, स्टीलचा. त्यांनी तो उचलला. घोटभर पाणी प्यायले. मग हात पलंगाबाहेर नेला आणि बोटं सोडली.

आवाज झाला. कॉरिडॉरमधून नर्सनं डोकावून पाहिलं. कानिफनाथ सवयीनं वाकला होता. संस्कृतीनं त्याचा दंड धरला.

नीलांबरीचं वाक्य तिथंच तुटलं. तिनं पुढं एक शब्द उच्चारला नाही. नमस्काराला हात जोडले, प्रणिताकडं बघून मान लववली आणि ती मागं फिरली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला, तो पार ऐकू येईनासा होईपर्यंत सुश्रुत कान देऊन ऐकत होते.

मग त्यांनी डोळे मिटले. खांदे सैल पडले.

"थांबली," ते म्हणाले.